दुसरा ठोका

आमच्या घरी दुपारी बेल वाजवत नाहीत. बाबा अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून जेवणानंतर झोपतात, आणि त्या झोपेत बेल वाजली की संध्याकाळपर्यंत घरात ऑफिसचं वातावरण असतं. म्हणून आम्ही दार ठोठावतो. एकदाच, बोटाच्या पेरांनी. आईला तेवढं पुरतं. दिल्लीच्या द्वारकेतला फ्लॅट तो केवढा, स्वयंपाकघरातून दार चार पावलांवर.

मी रुचिता. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. बिडाचा पार्ट घ्यायचा, हातोडीने ठोका द्यायचा, ऐकायचं. खणखणीत वाजला तर पास. फाटका वाजला तर आत भेग आहे, काढा बाहेर. हे एवढ्यासाठी सांगते की पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या कानांवर कुणी शंका घेऊ नये. भुताखेतांच्या गोष्टी मला सहन होत नाहीत. हॉस्टेलला मुली सांगायच्या, तेव्हा मी उशी डोक्यावर घेऊन झोपायचे.

उरलेला सगळा वेळ मी क्रिकेट खेळते. राज्याच्या टीमच्या ट्रायलमधून दोनदा बाहेर पडले आणि दोन्ही वेळा कारण एकच, फास्ट बोलिंगला लेट. बॅट चेंडूवर यायला अर्धा क्षण उशीर. आमचे कोच मुरलीधर सर म्हणायचे, "टेक्निक बिल्कुल ठीक है बेटा, बस आवाज़ देर से आती है." यंदा बाबांशी कडाक्याचं भांडण झालं आणि रागाच्या भरात मीच बोलून बसले, "ही शेवटची ट्रायल. नाही झालं तर किट विकून टाका, परत क्रिकेटचं नाव काढणार नाही." बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. शब्द तुझा आहे." मला तो शांतपणा जास्त झोंबला.

मग ठरवलं, बाहेरच पडायचं असेल तर दुकानातल्या कुठल्याही बॅटने नाही पडायचं. माझ्या मापाची बनवून घ्यायची.

फरीदाबादला विश्वनाथजींचं वर्कशॉप आहे. पुढे एसी शोरूम, मोठ्या स्क्रीनवर गोल फिरणारी बॅट. मागे लाकूड, भुसा आणि जवसाच्या तेलाचा वास. विश्वनाथजी पक्के सेल्समन. "मॅडम, ये बैट नहीं, आपकी पर्सनैलिटी है." मी म्हटलं, पर्सनॅलिटी राहू द्या, मापं घ्या. शॉर्ट हँडल. ओव्हल, कारण गोल हँडल माझ्या खालच्या हातात फिरतं. वजन दोन पौंड सात औंस, त्याच्या वर गुंजभर नको. कडा जाड, टो म्हणजे खालचं टोक हलकं. चेंडू सगळ्यात जोरात सुटतो तो पट्टा जरा खाली ठेवा, कारण आपल्या पिचवर चेंडू उठतच नाही. त्यांनी स्क्रीनवर 'लेडीज मॉडेल' आणलं, गुलाबी ग्रिपचं. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. मॉडेल गेलं.

मग मागे लाकूड निवडायला गेलो. विलोच्या जाड फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांची पद्धत अशी की ते स्वतः लाकडी हातोडीने एकेका फळीला ठोका देतात आणि गिऱ्हाइकाने ऐकून पसंत करायची. ठोकत ठोकत ते कोपऱ्यातल्या एका फळीपाशी आले आणि ती सोडून पुढे गेले.

"आणि ही?" मी हिंदीत विचारलं.

"वो रिजेक्ट है."

रिजेक्ट काय आणि काय नाही हे ठरवण्याचा मी पगार घेते. मी त्यांच्या हातातली हातोडी घेतली आणि त्या फळीला ठोका दिला.

टक.

इतका भरलेला आवाज मी लाकडातून कधी ऐकला नव्हता. आणि मग, हातोडी हवेत असताना, तोच आवाज पुन्हा आला.

मी आधी भेग शोधली. नव्हती. भिंतीचा प्रतिध्वनी म्हणावा तर शेजारच्या फळीला यायला हवा, तिला आला नाही. फाटका आवाजही हा नव्हता. दोन अख्खे आवाज होते, एकामागे एक.

"दोबारा मत मारिए," विश्वनाथजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला सेल्समन कुठे गेला कोण जाणे. "ये सबको जवाब नहीं देती. जिसको दे, उसको नहीं लेनी चाहिए. दो बार बनाके दी मैंने, दोनों बार वापस आई."

बनवलेली बॅट परत फळी कशी होते, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. मी विचारलं, "वापस कौन लाया?"

"घरवाले," ते म्हणाले आणि हातोडी मागायला हात पुढे केला.

मला 'नको' म्हटलं की माझं डोकं फिरतं. आई म्हणते, हिला औषधसुद्धा 'घेऊ नकोस' सांगून द्यावं लागायचं. मी हातोडी दिली नाही. आणखी एक ठोका मारला, चांगला जोरात, आणि म्हटलं, "यही चाहिए."

बॅट आली ती अगदी मापात. उचलल्यावर हातात वजनच जाणवेना. मुरलीधर सरांनी ती हवेत फिरवली आणि बराच वेळ परत दिली नाही. नवी बॅट खेळायला काढण्याआधी लाकूड घट्ट व्हावं म्हणून कित्येक तास ठोकावी लागते. मी रोज ऑफिसहून आले की बाल्कनीत बसून ठोकायचे. हातोडीचा एक ठोका आणि मागून दुसरा. बाबा आतून म्हणायचे, "खालचे लोक तक्रार करतील. इतक्या घाईने काय ठोकतेस?" मी घाईने ठोकत नव्हते. त्यांना दोन्ही आवाज ऐकू येत होते, एवढाच त्याचा अर्थ.

मी फोनवर रेकॉर्ड करून ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. आलेखात आवाजाची दोन टोकं दिसली, अंतर ठेवून. दुसऱ्या दिवशी तेच अंतर कमी. रोज कमी. नवरात्र बसून आठवडा होतो न होतो तोच दोन्ही टोकं एक झाली. मी खूश झाले. लाकडात तेल मुरलं, आतली एखादी पोकळी दाबली गेली, असं मनाशी ठरवून टाकलं आणि झोपले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. दिल्लीत जन्म गेला तरी आईने हे सोडलेलं नाही. पाटावर बाबांचं पेन, तिची कात्री, माझा लॅपटॉप आणि मध्ये आडवी माझी बॅट. हळद-कुंकू, झेंडू, पाटाच्या कडेला तांब्यावर नारळ. पाटावर ठेवलेली वस्तू दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायची नाही, असा नियम. ट्रायल होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी स्वयंपाकघरात पुऱ्यांची कणीक मळत होते. आई देवाजवळ वाती करत होती.

टक.

"अगं, आजच्या दिवशी तरी ठोकू नकोस," आई म्हणाली. मग तिने मान वळवली आणि तिला मी दिसले, दोन्ही हात कणकेत.

आम्ही दोघींनी पाटाकडे पाहिलं. बॅट जागच्या जागी होती. आणि मग कडेचा नारळ हलला, घरंगळला आणि बॅटवर पडला. चांगला वीतभर उंचीवरून पडला.

आवाज झाला नाही. तो आधीच होऊन गेला होता.

आईने हातातली वात खाली ठेवली. "रुचिता, ही बॅट परत देऊन ये."

"का?"

"मला आवडलेली नाही."

"तुला खेळायचं नाहीये तिने," मी म्हटलं. मला भीती वाटली, हे खरं आहे. पण भीती वाटली की मला आधी राग येतो. दोन वर्षं मी अर्ध्या क्षणासाठी बाहेर बसले आणि आता लाकडाचा तुकडा मला घाबरवणार? मी हात धुतले आणि बॅट पाटावरून उचलली. आई म्हणाली, "अगं, उत्तरपूजा तरी होऊ दे." मी थांबले नाही. कुंकवाचं बोट पुसलं तर तिथे लाल डाग राहिला. तशीच नेट्सवर गेले.

पहिल्याच चेंडूला कळलं. बोलरच्या हातातून चेंडू सुटला आणि माझ्या कानात टक वाजलं, स्वच्छ, बॅटच्या मधोमध लागल्याचं. मी फक्त त्या आवाजाला जुळेल असा हात आणला. चेंडू लागला तो मुका, पण नेट फाटेल असा गेला. पुढच्याला आवाज बोथट आला, कडेला लागल्याचा. मी बॅट उचलून घेतली आणि चेंडू सोडला. तो बाहेर वळून गेला. मुरलीधर सर जाळीला धरून उभे होते. "आज लेट नहीं है तू," ते म्हणाले. त्यांनी कान खाजवला.

ट्रायलच्या दिवशी घरातून निघाले तेव्हा आई पोहे परतत होती. बाबा म्हणाले, "शांत डोक्याने खेळ." मैदानाच्या टोकाला आदल्या रात्रीच्या रावणाचे जळके बांबू पडलेले होते आणि हवेत अजून फटाक्यांच्या दारूचा वास होता. टेबलामागे तीन सिलेक्टर बसले होते.

मी खेळले. लाज कशाला, सुंदर खेळले. टक ऐकायचं आणि मारायचं. बोथट ऐकायचं आणि सोडायचं. एका सिलेक्टरने खुर्ची पुढे ओढलेली मी पाहिली. हे मीच खेळते आहे ना, असा एक विचार आला आणि मी तो हाकलला. मनगटं माझी होती, घाम माझा होता.

शेवटच्या ओव्हरला त्यांनी सगळ्यात फास्ट मुलगी आणली. शेवटचा चेंडू तिने सोडला.

आवाज आला नाही.

बोथट नाही, स्वच्छ नाही. काहीच नाही. म्हणजे हा चेंडू माझा नव्हता. बॅट उचलून सोडून दिला असता तरी चाललं असतं.

पण माझा चेंडू कुठला, हे लाकूड ठरवणार? मी पाय पुढे टाकला आणि सगळा जीव घालून मारला.

हाताला कळलं. आयुष्यात इतका चांगला शॉट मी मारला नव्हता. चेंडू जळक्या बांबूंच्या पलीकडे गेला. आवाज आधी नाही, तेव्हा नाही, नंतरही नाही. विकेटकीपर मुलीने ग्लोव्ह्ज उघडून आत पाहिलं. चेंडू बॅटला लागला, हे तिला कळलंच नव्हतं.

यादीत माझं नाव वाचलं गेलं. मी टाळी वाजवली. बाकीच्या मुलींच्या टाळ्या ऐकू आल्या.

दुपारी घरी पोहोचले. किटबॅग खांद्यावर, पोटात आनंद मावत नव्हता. सवयीने दार ठोठावलं.

वाजलं नाही.

पुन्हा ठोठावलं. पेरांना लागलं. मग तळहात मारला, मग मूठ. लिफ्टजवळचा पंखा ऐकू येत होता, खालच्या मजल्यावरचा कुकर ऐकू येत होता. आमचं दार मुकं होतं. शेवटी मी बेल दाबली.

आईने दार उघडलं ते रागातच. "हळू, बाबा झोपले आहेत, कोण..." आणि मला पाहून ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं.

"तू कधी बाहेर गेलीस?" ती म्हणाली.

"सकाळी. तू पोहे करत होतीस. आई, झालं माझं सिलेक्शन."

तिने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती अगदी हळू बोलायला लागली. "तू गेलीस आणि लगेच दार वाजलं. एकदाच, आपण वाजवतो तसं, पण केवढ्याने. मला वाटलं, विसरलीस काहीतरी. दार उघडलं तर कुणी नाही. मी पोह्यांकडे वळले, तर तुझ्या खोलीतून आवाज यायला लागला. बाबा म्हणाले, घाबरून परत आली असेल, काही बोलू नकोस तिला." तिने माझा दंड धरला. "सकाळपासून चाललंय."

मी ऐकलं. माझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून टक, टक, मध्ये थोडं थांबून पुन्हा टक. स्टान्स घेऊन बोलर धावत येईपर्यंत मी बॅट जमिनीवर आपटते, अगदी तसं. तो भरलेला आवाज मी ओळखला. मी मारला होता तो, मैदानात न वाजलेला.

आई दंड सोडेना. मी सोडवून घेतला. बॅट बॅगेतून काढली, ग्रिप घट्ट धरली आणि खोलीच्या दारासमोर उभी राहिले.

"बाहेर ये," मी म्हटलं. "खोली माझी आहे. बॅटची मापंसुद्धा माझी आहेत."

आत शांत झालं. मी स्टान्स घेतला आणि दाखवायला म्हणून बॅट फरशीवर आपटली.

टक आतून आलं, आणि मग माझी बॅट फरशीला टेकली. अर्धा क्षण लेट मीच होते.