मधली पट्टी

नोव्हेंबरची भुरभुर चालू होती. लाइपझिगच्या त्या दुकानात वादनाची पुस्तकं भाड्यानं मिळायची. मी एका पुस्तकाला हात घातला, तर दुसऱ्या टोकाला आणखी एक हात... जाडसर, नखांत सरस वाळलेला.

"मी आधी पाहिलं," मी म्हणाले.

"पण आधी धरलं मी. आणि शिवण सुटलीय याची, बाई. तुमच्या हातात पानं गळतील."

"तुम्ही बुकबाइंडर दिसता."

"आणि तुम्ही पियानोच्या बाई. भांडताय तशाच!"

मला हसू आलं. कुणाशी तरी हसून किती दिवस झाले होते, कोण जाणे.

पुस्तक चार हातांचं होतं. एकाच पियानोवर दोघांनी बसायचं, डावीकडच्यानं खालचे सूर वाजवायचे, उजवीकडच्यानं वरचे. त्याला फक्त डावीकडचं पान शिकायचं होतं; शिकवाल का, म्हणून त्यानं मलाच विचारलं. उजवीकडचं हेडविग वाजवणार होती. ईस्टरनंतर त्यांचं लग्न होतं.

अकरा वर्षं मी डावीकडेच बसत आले होते. गाणं विद्यार्थिनींचं, खालची धुमधुम माझी. हा माणूस डावीकडे बसला तर गाणं माझ्या वाट्याला येणार होतं... म्हणून मी हो म्हणाले. निदान तेव्हा तरी म्हणूनच.

माझ्याकडे अंगठ्या काढून वाजवायचा नियम होता. पियानोवर त्यासाठी एक बशी असे. दर बुधवारी चार वाजता आन्सेल्म टीलेमानची साखरपुड्याची अंगठी त्या बशीत टणकन पडायची, आणि माझा आठवडा सुरू व्हायचा.

आठव्या ओळीत मधली एक पट्टी दोघांनाही लागायची. आधी त्याला, लगेच मला.

"बोट उचला, टीलेमान!"

"उचलतोय की."

"उशिरा उचलताय."

"तुम्ही लवकर येताय, बाई."

"मी वेळेवर येते. जन्मभर वेळेवरच येत आलेय."

"मग एकदा थोडा उशीर करून बघा ना..."

मी रागानं पाहिलं. तो पुस्तकात बघत होता, पण कान लालबुंद झाले होते.

बाकीचे सहा दिवस माझे मीच ढकलायची. एक थाळी, एक चमचा, आणि भिंतीपलीकडच्या लोकांचं हसणं. तरी सोमवारपासूनच मी आरशापुढे घुटमळायला लागले होते. वेडेपणा नुसता!

मार्च संपताना शेवटची शिकवणी झाली. एकही चूक नाही. आठव्या ओळीत त्यानं बोट अगदी वेळेवर उचललं.

"जमलं," मी म्हणाले. जमायला नको होतं, असं वाटत होतं.

दारात तो थांबला. "बाई—"

"काय?"

"काही नाही... पाऊस आहे बाहेर."

"छत्री आहे ना?"

"आहे."

तो गेला. अंगठी बशीतच राहिली.

कोपऱ्यावरून धावत परत येईल, असं वाटलं. नाही आला. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की माझा जीव वरखाली व्हायचा. खोटं कशाला बोलू? एकेक दिवस तो येत नव्हता, तसतशी मी खुलत होते; अंगठीची त्याला आठवणच नसावी.

रविवारी दुपारी आला.

"चार दिवस झाले," मी म्हणाले.

"मला आज कळलं. जेवताना हेडविगच्या आईनं विचारलं. तोवर बोट रिकामंय, हे माझ्या लक्षातही आलं नाही." त्यानं बशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणालात तर... राहू दे ती बशीतच."

"हेडविग किती वर्षं थांबलीय?"

"सात. माझं स्वतःचं दुकान होईपर्यंत."

'राहू दे' अगदी ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण कुणी असं निघून गेलं, की वाट बघत बसलेल्या मुलीचं पुढे काय होतं, ते मला ठाऊक होतं. ती अकरा वर्षं पियानो शिकवते.

मी अंगठी उचलून त्याच्या बोटात घातली. 

"आणि तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मला बुधवारी चारला सुट्टी मिळेल. जा आता."

त्या वेळेला मी अजून कुणालाच घेत नाही. डावीकडची खुर्ची तशीच असते. मी उजवीकडे बसून माझं वरचं पान वाजवते. आणि आठवी ओळ आली, की त्या पट्टीवर थोडा उशीर करते.