आठव्या फोटोतला डाग

रिकाम्या घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा. दलाल बोलावतात, मी जातो, वाइड लेन्स लावतो आणि खुराड्याचा दिवाणखाना करून देतो. ही लेन्स एका क्लिकमध्ये सगळी खोली घेते, पण कडा ताणते. कोपऱ्यातलं स्टूल टेबलाएवढं दिसतं. माझी धाकटी बहीण भाड्याची जागा शोधत होती, तेव्हा तिनं आधीच बजावलं, "दादा, तुझी ती खोटारडी लेन्स नको. पाळणा मावेल का, तेवढं खरं सांग." तिला आठवा महिना होता आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. जागा बघायला तिचे डोळे म्हणजे मीच.

म्हणून पॅनोरमा काढायचं ठरवलं. खोलीच्या मधोमध ट्रायपॉड लावायचा, साध्या लेन्सनं कॅमेरा थोडा थोडा वळवत आठ फोटो घ्यायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा यायला हवा. मग कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडून देतो. खोली आहे तेवढीच दिसते. अडचण एकच, ते एका क्षणाचं चित्र नसतं. मधल्या वेळात काही हललं तर जोड बसत नाही.

वॉचमननं भर दुपारी किल्ली दिली, पण स्वतः आत आला नाही. आधीचे आजोबा एकटेच राहायचे, सहा दिवसांनी सापडले, भिंत तीनदा रंगवून घेतली, हे त्यानं जिन्यातच सांगून टाकलं, गळक्या नळाची तक्रार सांगावी तसं.

दार उघडलं आणि फिनाइलचा भपकारा आला. त्याखाली आणखी एक वास होता, महिनोन्महिने न धुतलेल्या उशीचा, आंबूस. समोरच्या भिंतीवर, पलंगावरची उशी असेल तेवढ्या उंचीवर, ताटाएवढा तेलकट पिवळा डाग होता. डोकं टेकून टेकून पडलेला, नव्या रंगातूनही वर आलेला. त्यात दोन-तीन लांब पांढरे केस चिकटले होते. मी बोट लावून बघितलं, नसती अक्कल. बोटाला चिकट लागलं, आणि कोमट. बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल तिथेच टाकला.

आठ फोटो घेतले, ओट्यावर लॅपटॉप उघडला. जोड बसेना. पुन्हा केलं, तरी बसेना. मग एकेक फोटो उघडून बघितला.

पहिल्यात डाग समोरच्या भिंतीवर होता, बरोबर. तिसऱ्यात कॅमेरा बाजूच्या भिंतीकडे होता, आणि डाग तिथे होता. तेच केस. पाचव्यात भिंत नव्हतीच, खिडकी होती... तो काचेवर होता. प्रत्येक फोटोत थोडा वर सरकलेला. आठव्यात दाराशेजारी, उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर.

कॅमेऱ्यातच बिघाड असणार, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. वाइड लेन्स चढवली. दाराजवळच्या कोपऱ्यात पाठ टेकवली, म्हणजे सगळी खोली एकाच क्षणात येईल, आणि क्लिक केलं.

फोटो स्वच्छ. तिन्ही भिंती, खिडकी, सगळं लख्ख. मी मान न हलवता नजर वर केली. समोरच्या भिंतीवरही डाग नव्हता. फोटोत न आलेली जागा एकच उरली... माझ्या मागची. माझं डोकं तिलाच टेकलेलं होतं.

डोकं सोडवताना चिकटपट्टी सोलावी तसा आवाज आला. मानेवरून काहीतरी कोमट ओघळलं. मी जिन्यातच ओकलो. घरी जाऊन पाच वेळा केस धुतले, मग मुळापासून काढून टाकले. तरी हात मागे न्यायची अजून किळस वाटते.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. जागेला दुसरं गिऱ्हाईक होतं, आजच कळवायचं होतं. काय सांगणार होतो? आणि पुन्हा फोटो काढायला त्या खोलीत जायची माझी छाती नव्हती. मी तो वाइडचा फोटो पाठवला.

"केवढी ऐसपैस आहे रे! वाइडनं नाही ना काढलास?"

"नाही," मी म्हणालो.

आता भाची चार महिन्यांची आहे. मी कामाच्या सबबी सांगतो, त्या घरी एकदाही गेलेलो नाही. काल बहिणीनं मोबाइलवर स्वतः पॅनोरमा काढून पाठवला, मामाला घर दिसावं म्हणून. मी तो इंच इंच बघितला. जोड नीट बसलेले. भिंती कोऱ्या. मधोमध पाळणा, त्यात टकलू भाची हसतेय. किती महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. लगेच फोन लावला.

"भिंती छान राहिल्यात," ती म्हणाली. "फक्त हिचं डोकं मागून सारखं तेलकट होतं बघ. धुतलं तरी तासाभरात पुन्हा. डॉक्टर म्हणतात, घाम."

मी स्क्रीनवरचा पाळणा मोठा करून बघितला.

"आणि दादा..." तिचा आवाज खाली आला. "रोज सकाळी पाळण्यातल्या उशीवर दोन-तीन केस असतात. लांब, पांढरे. हे म्हणतात, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचे तरी असतील. पण आमच्याकडे कोण येतं? तूसुद्धा अजून आला नाहीस."