कंपनीतून निघाली तशी

माझं गॅरेज सातपूरला, एमआयडीसीत. जुन्या गाड्या कंपनीतून निघाल्या तशा करून देतो. नुसत्या चकाचक नव्हे, अगदी तशाच. नटावर छाप कुठला होता, आतल्या पत्र्यावर तपासनिसानं खडूनं काय खूण केली होती, सगळं. नंतर चिकटवलेलं, बदललेलं, झिजलेलं काही गाडीवर ठेवत नाही. लोक चक्रम म्हणतात. म्हणोत.

इंदिरानगरच्या चिंतामणकाकांची मस्टँग आली तेव्हा आधी हेच बजावलं. बाहत्तर साली, लग्नाच्याच आठवड्यात, मुंबईतल्या एका परदेशी साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती, जवळपास कोरी. स्टेअरिंग डावीकडे. तिच्यातूनच गोदावरीकाकूंना नाशिकला आणलं. आता काकूंची आठवण गेली होती. नवऱ्यालाही ओळखत नव्हत्या.

"गाडी तेव्हासारखी दिसली, तर मी आठवेन तिला," काका म्हणाले. "एवढं कर, नवनाथ."

लगेच कामाला लागलो. काकांच्या कोपरानं घासलेली दाराची कड गेली. स्टेअरिंगवर त्यांनी गुंडाळलेला दोरा गेला. डॅशबोर्डवरचा सप्तशृंगीचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. ड्रायव्हरच्या सीटला इतक्या वर्षांत त्यांच्या बैठकीचा खड्डा पडला होता. तिथं नवा फोम भरला.

त्यानंतर रोज सकाळी ती सीट मागे सरकलेली सापडू लागली.

"कोण बसतंय रे?" मी बारकू पेंटरवर खेकसलो.

"आईशप्पथ, मी नाय. माझे पाय तरी पोचतील का तिथून?"

खरंच होतं, बारकू पाच फुटाचा. मी सीटची खिटी बदलली, स्प्रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी परत मागे. शिवाय आत केसांच्या क्रीमचा गोडसर वास. आम्ही दोघंही टकले.

काकांना विचारलं, तर हसले. "तरुणपणी मी लावायचो. सहा फूट होतो तेव्हा. आता वाकलोय."

नवा फोम कुठलाही वास धरतो, अशी मी मनाची समजूत घातली.

रविवारी सकाळी अकराला काका काकूंना घेऊन आले. गाडी उन्हात उभी केली होती. काकूंनी ती पाहिली, पदर सावरला. चेहरा उजळला. जमलं, बाबा!

काका पुढे झाले. "गोदा, ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं?" त्या लाजल्या. मग काकांकडे बघून अदबीनं म्हणाल्या, "आजोबा, जरा बाजूला होता का? आमचे हे खोळंबलेत."

काकू गाडीच्या डाव्या, स्टेअरिंगकडच्या खिडकीकडे बघत होत्या.

काका जागचे हलले नाहीत.

मग हळूच बाजूला झाले. उजवं दार त्यांनीच उघडलं. काकूंना बसवलं, साडीचा काठ आत घेतला, दार लावलं.

"काका, जुनं सगळं जपून ठेवलंय. आत्ता परत बसवतो." मी पुढे झालो.

"राहू दे रे. किती खूश आहे बघ."

आत काकू बोलत होत्या. मधेच थांबत, ऐकत, हसत.

डाव्या काचेवर आतून वाफ धरली. तोंडासमोर धरते तेवढीच.

मग ती आतूनच पुसली गेली.

काकूंचे दोन्ही हात मांडीवर होते.