आदल्या संध्याकाळचा फोन

कानाच्या दवाखान्यात तिला सगळे कानवाली ताई म्हणत. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेबाहेर बसून एकेक बारीक सूर सोडत जायचं, हे तिचं काम. सूर ऐकू आला की पेशंटने हात वर करायचा. खोलीच्या भिंतींना गादीसारखं जाड अस्तर होतं, आत टाळी वाजवली तरी ती जागच्या जागी विझायची. इतकी वर्षं हेच करून तिचे कान असे तयार झाले होते की, फोनवरचा माणूस स्वयंपाकघरातून बोलतोय की जिन्यातून, हे ती अचूक सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो कामावरून फोन करून म्हणे, "ऑफिसात बसलोय निवांत," आणि ही म्हणे, "थापा मारू नकोस. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलायस. आधी वर ये, मग बोल."

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. आधी एकदा राहिले होते, पण ते तिसऱ्या महिन्यातच हातचं गेलं होतं. त्यामुळे या खेपेला दोघंही घरात दबकत चालत होती. आनंदसुद्धा हळू आवाजात करत होती.

पहिल्या सोनोग्राफीच्या आदल्या संध्याकाळी ती वाळलेले कपडे घड्या करत बसली होती, तेव्हा फोन आला.

"उद्या सोनोग्राफी आहे ना तुझी?" एक बाई बोलत होती. मध्यम वयाची असावी. "निघण्याआधी भरपूर पाणी पिऊन घे. लघवीला मात्र जाऊ नकोस. पिशवी भरलेली असली की सगळं स्वच्छ दिसतं. आणि कपडे सैल घाल, म्हणजे तिथे ओढाताण होत नाही."

सोनोग्राफीच्या दवाखान्यातली बाई आणि एकदम 'तू'? तिला जरा नवल वाटलं. पण आवाजात माया होती. तिची आई दूरगावी, गुडघ्यांनी बेजार, खरखरीत आवाजात तासभर स्वतःचंच सांगणारी. असं नेमकं कुणी सांगत नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी बाकावर पाय जुळवून बसताना ती नवऱ्याला म्हणाली, "हसवू नकोस हं मला. इथेच पूर येईल." आत अंधाऱ्या खोलीत डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल लावलं, यंत्र टेकवलं, आणि करड्या पडद्यावर एक इवलासा ठिपका लुकलुकताना दिसला. नवरा खिडकीकडे तोंड करून नाक पुसत बसला.

निघताना तिने काउंटरवरच्या मुलीचे आभार मानले. "काल आठवणीने फोन केलात ते बरं झालं."

"आम्ही?" मुलगी हसली. "अहो ताई, इथे आलेले फोन उचलायला माणूस नाही, आम्ही कुठले करतोय!"

घरी येताना तिच्या ध्यानात आलं, की कालपासून काहीतरी सलत होतं. त्या आवाजाला खोली नव्हती. मागे भिंत नाही, पंखा नाही, रस्ता नाही. दोन शब्दांच्या मधे श्वाससुद्धा नव्हता. तिने तो नंबर लावून पाहिला. असा नंबर अस्तित्वात नसल्याचं उत्तर आलं.

"कुणीतरी चुकून लावला असेल," नवरा म्हणाला. "आणि सांगितलं ते काही वाईट नव्हतं ना?"

ते खरंच होतं.

पुढच्या सोनोग्राफीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. "आज डाव्या कुशीवर झोप. सकाळी थोडं गोड खा, म्हणजे ते जागं राहील. आणि नवऱ्याला बाहेर बसव. त्याच्यासमोर ते तोंड दाखवणार नाही."

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"पाणी विसरू नकोस," बाई म्हणाली, आणि फोन बंद झाला.

नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम नवा शर्ट घालून तो तपासणीच्या टेबलाजवळ उभा राहिला. बाळ पाठ करून बसलं होतं. डॉक्टरबाईंनी तिला कूस बदलायला लावली, खोकायला लावलं, बाहेर चार फेऱ्या मारून यायला सांगितलं. काही उपयोग नाही. तेवढ्यात नवऱ्याला साहेबांचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. दार लागलं तशी पडद्यावरची ती इवलीशी पाठ हलली, आणि बाळ सावकाश वळलं. नाक, हनुवटी, कपाळ.

"अरे वा!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोलवा बाबांना."

दार उघडलं. बाळाने पाठ फिरवली.

"लाजतंय बाबांना," डॉक्टरबाई हसत म्हणाल्या. नवराही हसला. पण त्या दिवशी तो अर्ध्या जेवणावरून उठला, आणि तिने विचारल्यावर म्हणाला, "काही नाही गं. भूक नाही."

तिने फोनचा नंबर बदलला. नवा नंबर आई आणि नवरा, एवढ्या दोघांनाच दिला. पुढच्या सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी तो फोनही तिने बंद करून कपाटात टाकला आणि ती कामावर गेली.

शेवटचा पेशंट म्हणजे एक म्हातारे आजोबा होते. कान जवळजवळ गेलेले, त्यांच्याशी खाणाखुणांनीच बोलावं लागे. तिने हेडफोन चढवले, दार लावलं, बाहेर येऊन बसली. अजून तिने बटणाला हात लावला नव्हता, तोच आजोबांनी हात वर केला. मग खाली घेतला. पुन्हा वर केला, आणि काहीतरी समजल्यासारखी मान हलवली.

तिने दार उघडलं.

"ऐकू आलं हो!" आजोबांचे डोळे भरून आले होते. "किती वर्षांनी इतकं स्वच्छ ऐकू आलं. त्या बाई म्हणाल्या, तिला सांगा, उद्या टेबलावर तोंड उघडू नकोस. तुझा आवाज आला की ते घाबरतं."

तिने हेडफोन स्वतःच्या कानांना लावून पाहिले. आत काहीच नव्हतं.

नवरा ऐकून भडकला. "बस झालं. उद्या त्या दवाखान्यात जायचंच नाही." त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाचा, कधी नावही न ऐकलेला दवाखाना शोधला. कुणाला न सांगता दोघं तिथे गेली. नवे डॉक्टर, नवं यंत्र. पाणी ती प्यायली होतीच. तेवढं तर प्यावंच लागतं.

पडद्यावर बाळ निवांत पहुडलं होतं.

"बाळा," ती म्हणाली. "मी आई."

बाळाने दोन्ही हात उचलले आणि कानांवर घट्ट धरले.

डॉक्टर म्हणाले, "अहो, या वयात त्यांना ऐकू येऊ लागतं. पण हे असं होणं म्हणजे योगायोग. आम्ही रोज शंभर गमती बघतो."

ती गप्प झाली. खोलीत यंत्राची घरघर तेवढी होती. हळूहळू बाळाचे हात खाली आले.

मग एक हात वर गेला.

खाली आला.

पुन्हा वर गेला.

"बघा, टाटा करतंय तुम्हाला!" डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने आनंदाने तिचा खांदा दाबला.

तो टाटा नव्हता. पुढच्या सुराची वाट पाहत मधे थांबायची ही रीत ती रोज काचेतून बघत होती. ऐकू आलं की हात वर.

त्यानंतर फोन आला नाही. निरोपही आला नाही. उरलेल्या तपासण्या सुरळीत झाल्या. वजन चांगलं, पाणी पुरेसं, डोकं खाली. ती टेबलावर ओठ मिटून पडून राही, आणि बाळाचा हात वर जात राही. घरीही ती बोलेनाशी झाली. आईचा फोन आला की नुसतं हूं हूं करी. बाल्कनीत जाऊन, दार लावून, कुजबुजत बोलून पाहिलं तिने. पण पोट कुठे ठेवून जाणार? पहिल्या शब्दालाच आत एक जीव आखडून घेई, आणि तो आखडलेला तिला कळे.

नवरा म्हणे, "अगं, भीती मनातून काढ. बाळ हातात आलं की सगळं विसरशील."

बाळ सुखरूप झालं. नर्सने ते छातीवर ठेवलं आणि म्हणाली, "हाक मारा की आई!" तिने हाक मारली. बाळ असं किंचाळलं की निळं पडलं, आणि तिच्याजवळून उचलून न्यावं लागलं. पोटात वायू धरला असेल, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात तिने आपल्याच दवाखान्यात, स्वतःच्या हाताने बाळाचे कान तपासले. दोन्ही उत्तम होते.

आता ती घरात बोलत नाही. दूध पाजते, न्हाऊ घालते, कुशीत घेते, आणि सगळं मुक्याने. नवऱ्याने बोलून पाहिलं, समजावून पाहिलं, एकदा हात जोडून रडलाही. मग तोही आपलं आपलं काम करू लागला.

एका दुपारी बाळ फार रडत होतं. ती पाळण्याशी उभी होती, ओठ दाताखाली धरून. एकाएकी बाळ थांबलं. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. पाळण्याच्या कठड्याच्या जरा वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे बघत ते शांत पडून राहिलं.

फोन वाजला. नवऱ्याचा होता. तिने नेहमीसारखा उचलून नुसता कानाला लावला.



"अगं," तो म्हणाला. "नको, थांबू नकोस. गात राहा. मी ऐकतोय."

तिने ओठांवर तळहात दाबून धरला.

"किती गोड गातेस. मला कधी म्हणून दाखवलं नाहीस ते?"

ती कान देऊन ऐकत राहिली. तिला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो हळूच गुणगुणू लागला, तिला ऐकू न येणाऱ्या कुठल्याशा गाण्याला साथ देत.