पश्चिमेची भिंत

मुखरू गवंडी कुरखेड्याहून गावात पोचला तेव्हा १९५४ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. त्या पावसाळ्यात टेकडीची माती वाहून गिरजाघराच्या पश्चिमेच्या भिंतीला भिडली होती आणि भिंत आत झुकली होती. चांद्याच्या पादरीबाबांचा निरोप साफ होता. मुखरूनं धोका आहे म्हटलं, तर गिरजाघर उतरवून घ्यायचं.

किल्ली वच्छलाबाईकडे होती. साठी उलटलेली ही बाई झाडलोट आणि राखण करायची.

"मोठ्या दुष्काळातलं हाय हे," दार उघडत ती म्हणाली. "माह्या मायनं नदीतले गोटे डोक्यावर आणले. शेरभर जवारी भेटे. बांधणारे अर्धेअधिक छत चढाच्या आधीच गेले."

"माय?"

"ते बी गेली. मी आठ वर्साची होतो."

मुखरू आत फिरला. सागाचे अखंड खांब होते, बेलफळाचा गर घालून घोटलेला चुना अजून कवडीसारखा चकाकत होता. कमानीवर द्राक्षांऐवजी मोहाची फुलं कोरली होती. इथल्या कारागिरांनी द्राक्षं पाहिली कुठं होती? असं काम पाडायचं त्याच्या जिवावर आलं. पण त्यानं भिंतीच्या माथ्याशी खिळा ठोकून ओळंबा सोडला, तेव्हा दोरा भिंतीच्या पायथ्यापासून नऊ बोटं दूर लोंबत राहिला.

बाहेरची माती त्यानं माणसं लावून काढली. माती काढली की झुकणं थांबतं. भिंत मागं जात नाही, हे वीस वर्षांच्या कामानं त्याला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंतर सहा बोटं भरलं.

त्यानं दोरा बदलला, खिळा नवा ठोकला. सहाच.

"काऊन परत मोजून राह्यले, भाऊ?" वच्छलाबाईनं विचारलं.

"काई नाई. माहं मोजणं चुकलं असंन."

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तीन बोटं. भिंतीला कुठं चीर नव्हती, सांध्यातला चुना सुटला नव्हता. उद्याच्या प्रार्थनेसाठी वच्छलाबाईनं मातीची सगळी जमीन सारवली. भिंतीपासून मागं सरत सरत ती दारापर्यंत आली आणि तिनं कुलूप घातलं. दोघांनी समोरच्या मोहाखाली भाकर खाल्ली. दार त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं.

भर दुपारी तिनं कुलूप काढलं.

ओल्या सारवणावर भिंतीलगत पावलं उमटली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. अनवाणी. काही रुंद, काही पोरासोरांची. सगळ्यांची बोटं भिंतीकडे होती, पंजे खोल रुतलेले, टाचा उथळ. दाराकडून आलेलं पाऊल एकही नव्हतं.

वच्छलाबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"रेटून राह्यले," ती हळूच म्हणाली.

कुडाच्या घरात छपराच्या तुळईचा भार एकट्याला पेलेना की शेजारी न बोलावता हात लावतात, तसं काहीसं त्याला ते वाटलं. ओळीच्या मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी होती.

तो गेला. त्या जागेत उभा राहिला, तळवे दगडावर टेकले आणि रेटलं.

त्याच्या तळव्यांखालचे दगड थंड होते. दोन्ही बाजूंच्या दगडांना मात्र ऊब होती.

आत कुठंतरी चुना करकरला.

"टेकला," वच्छलाबाई म्हणाली. "ओळंबा टेकला, भाऊ."

भिंत सरळ उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. मुखरूनं तिथंच ठरवलं, बाहेरून दगडी टेकू द्यायचे आणि पादरीबाबांना कळवायचं, उद्याची प्रार्थना आतच होईल.

तो भिंतीपासून बाजूला झाला आणि सहज खाली पाहिलं.

त्याच्या पावलांच्या ठशांत दुसरी दोन पावलं उमटली होती. बारीक, बाईमाणसाची. "माय," जवळ येऊन वच्छलाबाई म्हणाली. त्याच्यादेखत त्यांचे पंजे अजून थोडे खोल गेले.