घंटा वाजली की लिटर गायब

पद्मजाताई अंघोळीचं उरलेलं पाणी कूलरमध्ये ओतत होत्या, तेवढ्यात फोन आला. शेंद्र्याच्या टँकर भरणकेंद्राचा व्यवस्थापक अप्पाराव धापा टाकत होता.

"ताई, पाणी चोरीला चाललंय. चोर सापडलाय, फक्त तो चोरी कशी करतो तेवढं सांगा. संध्याकाळी पोलिसांत देतो."

ताईंनी आयुष्यभर संगणक शिकवला होता. बादली तशीच ठेवून त्या निघाल्या.

चोर म्हणजे व्हॉल्व्हवाला कय्युम. मोठ्या पाइपावरचं मीटर जास्त पाणी दाखवी, टँकर मोजणारा संगणक कमी. मधे हात एकट्या कय्युमचा. त्या दुष्काळात खून पचला असता, पाणीचोरी नाही. त्याच्या बायकोला, सुमय्याला, कालच बायकांनी पाण्याच्या रांगेतून बाहेर काढलं होतं.

मोजणीचं हे यंत्र बसवणारा हिमांशू मोठ्या तोऱ्यात माहिती देत होता. म्हणे, असं चपळ यंत्र अख्ख्या मराठवाड्यात नाही. रांगेतल्या ड्रायव्हरनं घंटेचं बटण दाबलं, की किती मिनिटं थांबलात ते फलकावर लगेच उमटतं. भांडणं कमी झाली होती म्हणे.

"टँकरची संख्या कधी चुकते?" ताईंनी विचारलं.

"कधीच नाही. चुकतात ते फक्त लिटर. म्हणजे चोरच."

ताई कय्युमकडं वळल्या. "कुणाचा टँकर कमी भरतो?"

"कुणाचाच नाय, मॅडम. टँकर उतू जातो अन् पडद्यावर आकडा अर्धाच. कडुबा ड्रायव्हर रांगेत मागं असला की हमखास."

"कडुबा काय करतो?"

"घंटी बडवतो. लई उतावळा गडी, सोताच्या लग्नात अंतरपाट त्यानंच ओढला होता. साहेब लोक तपासणीला येतात तवा घंटी बंद असते. त्या दिवशी आकडा बराबर."

"बंद कोण करतं?"

कय्युमनं हिमांशूकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

ताईंनी सगळ्यांसमोर टँकर भरायला लावला आणि कडुबाला बटणापाशी उभं केलं. त्यानं मनसोक्त बडवलं. फलकावर मिनिटं उमटत राहिली, पण पडद्यावरच्या लिटरना बराच वेळ काही झालं नाही. अप्पाराव घाम पुसत घड्याळ बघत होता. फलकावर आलं, साडेअकरा मिनिटं. आणि पडद्यावरचे हजारो लिटर धाडकन साडेअकरावर आले, तिथून पुन्हा वाढू लागले.

टँकर मात्र उतू चालला होता.

"घंटा वाजली की संगणक लिटरची बेरीज सोडून घंटेचं काम करतो, मग परत येतो," ताई म्हणाल्या. "जाताना हातातले आकडे जपून ठेवायचे, आल्यावर जागच्या जागी मांडायचे, हे त्याच्या मूळ प्रणालीचं काम. आकडे ठेवायचे खण दोन तऱ्हेचे, पूर्णांकांचे वेगळे, दशांशांचे वेगळे; लिटर दशांशात. वेग वाढावा म्हणून हिमांशूनं दशांशांचे खण जपणं काढून टाकलं. घंटेच्या कामात दशांश नव्हते तोवर खपलं. मग फलकावर मिनिटं आली, तीही दशांशात. घंटा नेमकी बेरजेच्या मधे पडली, की मिनिटं लिटरच्या खणात बसतात आणि संगणक त्यांनाच लिटर समजून पुढं मोजतो. टँकरची संख्या पूर्णांक, म्हणून शाबूत."

"चूक कुणाचीही होते," हिमांशू म्हणाला. "मला कुठं माहीत होतं?"

"मग तपासणीच्या दिवशी घंटेची तार कोण काढत होतं?"

दुसऱ्या केंद्रांना हेच यंत्र विकायचं होतं, दोष कबूल केला असता तर कुणी घेतलं नसतं, एवढंच हिमांशू पुटपुटला.

अप्पारावनं व्हॉल्व्हची चावी पुढं केली. कय्युमनं हात मागंच ठेवले.

"साहेब, चोर तुम्ही रांगंसमोर म्हणलात."

अप्पाराव उन्हात बाहेर गेला. हॉर्नच्या गदारोळात त्याला 'कय्युम चोर नाही' हे वाक्य तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्या खेपेला कय्युमनं चावी घेतली.