जुना कर्नल कोणी पुसला?

"यशदीपनं माह्या घरच्यायचा आवाज नेला, मॅडम! त्याले सोडू नका."

तात्यापारा वस्तीतल्या वनमाला रामटेके यांनी खासगी तपासनीस पद्मिनी मेश्रामला आपल्या घराच्या दारातच गाठलं.

घरचे म्हणजे त्यांचा नवरा मारोतराव, रेल्वेतून निवृत्त. लकव्यानंतर त्यांचे डोळे आणि एक बोट तेवढं हलायचं. मुलगा सुशील यानं लिनक्सच्या कॉम्प्युटरला बटण जोडून दिलं होतं. बोटानं अक्षरं निवडली की स्पीकर बोलायचा. सुशील मागच्या वर्षी अपघातात गेला, आणि परवापासून बटणही मुकं झालं.

कॉम्प्युटरचा पंखा एवढा घरघरत होता की पद्मिनीचे सहायक गुलाबराव दर वाक्याला "आँ?" करत होते. तशी त्यांना ती सवय होतीच.

पद्मिनीनं कॉम्प्युटरचा पडदा तपासला. "सुशीलनं बटणाचा ड्रायव्हर, म्हणजे बटण ओळखणारा प्रोग्राम, जुन्या कर्नलमध्ये बसवला होता. कर्नल म्हणजे या यंत्राचा गाभा. तोच इथे नाही. दुसरी प्रतही नाही."

अपडेटचं काम बघणारा यशदीप रडकुंडीला आला होता. "दीदी, मैंने कुछ नहीं मिटाया. अपडेट अपने आप होता है. सालभर में कितने नए कर्नल आए, पर चलता पुराना ही रहा. सुशील भैया बोले थे, मशीन बंद मत करना. इसलिए इन्व्हर्टर भी लगाया."

"वनमालाबाई, मशीन कधी बंद केली?"

"नाही जी."

"परवा घरात काय होतं?"

"सुशीलच्या वर्षाचं पुण्यानुमोदन. लय माणूस होतं. भंतेजीची वंदना पार रस्त्यावर ऐकू गेली. हे मात्र दिवसभर बोललेच नाही. दुःखानं बोट तेवढं थरथरून राहिलं होतं."

पद्मिनी खुर्चीवर बसली. तिला उत्तर मिळालं होतं, पण ते सांगायची इच्छा नव्हती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको," ती म्हणाली. "यशदीप निर्दोष आहे. हा पंखा घरघरत असताना वंदना रस्त्यावर कशी ऐकू गेली?"

वनमालाबाईंनी मान खाली घातली. "वंदनेपुरतं मशीनचं बटण बंद केलं होतं जी. पाच मिनिटं. लगेच चालू केलं. त्याले का बंद करनं म्हणते?"

"चालू असलेला कर्नल अपडेट पुसत नाही. म्हणून तो सालभर वाचला. तुम्ही पुन्हा चालू केलं तेव्हा यंत्र सगळ्यात नव्या कर्नलवर उठलं. जुना बिनकामाचा ठरला आणि आपोआप होणाऱ्या सफाईत ड्रायव्हरसकट गेला." पद्मिनीचा आवाज उतरला. "मारोतराव गप्प नव्हते. दिवसभर बटण दाबत होते."



"मंग परत आणा न, मॅडम."

"नाही आणता येत."

वनमालाबाई नवऱ्याकडे वळल्या. "परवा दिवसभर काय म्हणत असतीन हे?"

गुलाबराव मारोतरावांजवळ जाऊन बसले. "मी अक्षरं म्हणतो. तुमचं आलं की डोळे मिटा." ते सावकाश म्हणू लागले. क, ख, ग... ब आला आणि डोळे मिटले. मग बा, बि, बी, बु. डोळे पुन्हा मिटले.

"बुद्धं," वनमालाबाई म्हणाल्या. "आपल्या पोट्ट्यासाठी हेही आमच्यासंग वंदना म्हणून राहिले होते."

मारोतरावांनी होकारासाठी डोळे मिटले, उघडले आणि पुढच्या अक्षरासाठी गुलाबरावांकडे वळवले.